पहिल्या भट्टीचे तेल

तिखाडी मॅडमच्या हातात कोणतीही वस्तू दिली की त्या आधी तिचा वास घेत. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, नवे रजिस्टर, खडूचा खोका, कॅन्टीनचा चहा, शिपायाने आणलेले परिपत्रक, सगळ्यांची पहिली तपासणी नाकाने होई. एकदा प्राचार्यांनी स्वतः येऊन परीक्षेचे बदललेले वेळापत्रक त्यांच्या हातात दिले आणि ते आत्ताच निघाले असे सांगितले. मॅडमनी कागद नाकाशी नेला, मग वाचला. "सर, शाई तर पार वाळलेली आहे. हे परवाच निघालं. आम्हाले आज काहून देऊन राह्यले?" प्राचार्य परत गेले. त्यानंतर रसायनशास्त्र विभागात परिपत्रके वेळेवर येऊ लागली.

यवतमाळच्या एका महाविद्यालयात त्या शिकवत. त्यांचे आडनाव हजेरीपत्रकावर होते, पण विद्यार्थ्यांपैकी ते कोणी वापरत नसे. तिखाडी हे आपल्याकडच्या डोंगरउतारांवर वाढणारे गवत. पाऊस ओसरला की ते तांबूस फुलोऱ्यावर येते. पाते चुरगाळले की बोटांना गुलाबासारखा वास लागतो आणि दिवसभर जात नाही. त्याचे तेल साबणात आणि अत्तरात जाते. नोकरीची शेवटची बरीच वर्षे मॅडमनी या एका गवताला दिली. त्यांच्या पर्सला, पदराला, वर्गात वाटलेल्या कागदांना तोच वास असे. त्या दारात दिसायच्या आधी मागच्या बाकावरून कोणीतरी "तिखाडी आली रे" म्हणे आणि वर्ग शांत होई. मॅडमना हे नाव माहीत होते. "हिंग नाही म्हणत, हे काय कमी आहे," असे त्या म्हणत.

एवढे तीक्ष्ण नाक असूनही त्यांच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम नाकाच्या विरुद्ध होता. वास घ्यायचा, पण वहीत लिहायचा नाही. "नाकानं शोधा, काट्यानं लिहा," हे त्यांचे वाक्य होते. एका मुलीने पदार्थाच्या वर्णनात 'गोडसर वास' असे लिहिले, तेव्हा मॅडमनी त्या दोन शब्दांवर लाल रेघ मारली. "तुझा गोडसर अन् माझा गोडसर एकच आहे, हे कोण ठरवणार? वितळणबिंदू लिही. तो कोणाच्या नाकावर नाही चालत." पदव्युत्तर वर्गात आम्ही एकोणीस जण होतो. एकोणीस वह्यांमध्ये कुठेही वासाची नोंद नव्हती. या नियमाची किंमत पुढे मॅडमनाच मोजावी लागली.

अवघड गोष्ट त्या स्वयंपाकघरातून सांगत. एका वर्षी त्यांनी खिडकीत जवसाच्या तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्या. एकीत नुसते जवसाचे तेल होते, दुसरीत त्याच तेलात तिखाडीच्या तेलाचे काही थेंब. दोन्हींची बुचे सैल होती. रोज येऊन हुंगायचे, एवढेच काम आम्हाला होते. नुसते तेल आधी खवट झाले. दुसरे त्यानंतर बरेच दिवस टिकले. मॅडम म्हणाल्या, "हवा तेलाले खाऊन राह्यली होती. या बाटलीत कोणीतरी मध्ये उभं राह्यलं. असं मध्ये उभं राहणाऱ्याले पुस्तकात अँटिऑक्सिडंट म्हणतात. झालं, आता परीक्षेत दोन पानं भरू नका."

ही मध्ये उभे राहण्याची ताकद मोजायची पद्धत ठरलेली आहे. एक गडद जांभळे द्रावण घ्यायचे, त्यात तेल घालायचे. तेलात ताकद असेल तितके जांभळे उतरते आणि पिवळे चढते. डोळ्यांना ते सुंदर दिसते. मॅडम आम्हाला नळीकडे फार वेळ पाहू देत नसत. "पिवळं झालं म्हणू नका. किती पिवळं झालं ते म्हणा," असे सांगून त्या नळी यंत्रात ठेवत आणि आकडा लिहून घेत.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नोंदणी केली. पदोन्नतीसाठी तिचा उपयोग उरला नव्हता. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारले, "मॅडम, गुडघे दुखून राह्यले तुमचे. आता कायले हा ताप?"

"पीएच.डी. गुडघ्यानं करतात का सर?" मॅडम म्हणाल्या. "मग तुमची तशीच झाली का?"

खरे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. राळेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांची आई हंगामात ठेकेदाराच्या भट्टीसाठी तिखाडी कापायला जाई. तेल पिंपांत भरून बाहेर जाई. पुढे त्याचे काय होते, हे गावात कोणाला माहीत नव्हते. "आईच्या हाताले तो वास. तिनं थापलेल्या भाकरीले तो वास. पण त्या तेलात काय आहे, हे तिले कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे, असं कोणाले वाटलंच नाही." आई गेली, त्यानंतरच्या वर्षी मॅडमनी नोंदणीचा अर्ज भरला होता.

त्यांच्या संशोधनासाठी तेल दोन ठिकाणांहून येई. एक तेल त्या स्वतः प्रयोगशाळेत, काचेच्या उपकरणात काढत. दुसरे डोंगराच्या कडेला असलेल्या कोलामांच्या वस्तीवरून, म्हणजे पोडावरून येई. तिथे लेतूबाबांची भट्टी होती. ठेकेदार कधीच निघून गेले होते, भट्टी आणि ती चालवणारा माणूस एवढे उरले होते. एक मोठे लोखंडी पिंप, खाली लाकडांचा जाळ, वरून निघालेली आणि नाल्याच्या पाण्यातून जाणारी लांब नळी, शेवटी डबा. वाफ गवतातून जाताना तेल घेऊन निघते, पाण्याखालच्या नळीत थंड होते आणि डब्यात पाण्यावर तेल तरंगते. लेतूबाबा सत्तरीचे होते. हे काम त्यांनी वडिलांकडून घेतले होते.

मॅडम दर हंगामात एकदाच, दिवाळीच्या सुटीत पोडावर जात. वर्षातली पहिली भट्टी त्याच दिवसांत लागे. यवतमाळहून निघून राळेगावला गाडी बदलली की दुसरी एसटी त्यांना साडेदहाला फाट्यावर सोडी. तिथून पायी. त्या पोचत तेव्हा पिंप भरलेले असे, झाकण मातीने लिंपलेले असे आणि नळीतून थेंब पडत असत. मॅडम वही काढत. गवत कोणत्या उतारावरचे, किती भारे, लाकूड कोणते, नाल्याचे पाणी किती थंड, जाळ कधी लावला, सगळे विचारून लिहून घेत. लेतूबाबा कंटाळत नसत, पण एकदा म्हणाले, "बाई, एवढं तं सोयरीक जमवतानी बी कोणी इचारत नाही."

तीन हंगामांत तीन बाटल्या आल्या आणि तिन्हींनी एकच गोष्ट सांगितली. भट्टीचे तेल जांभळे द्रावण काचेच्या उपकरणातल्या तेलापेक्षा कितीतरी अधिक पिवळे करी. बाहेरच्या प्रयोगशाळेने पाठवलेल्या आलेखात दोन्ही तेलांचा मुख्य घटक तोच होता, जिरॅनिऑल, गुलाबाच्या वासाचा. पण भट्टीच्या तेलात एक बारीक टोक जास्त होते. ते युजेनॉलचे होते. हा घटक लवंगेत असतो आणि मध्ये उभे राहण्यात फार पटाईत आहे. मॅडमनी त्याचा अर्थ असा लावला : लोखंडी पिंपात, लाकडाच्या संथ जाळावर गवतातून जे सुटते ते काचेत सुटत नाही. प्रबंधाचे पाचवे प्रकरण या एका वाक्यावर उभे होते. प्रयोगशाळेपेक्षा पोडावरची भट्टी सरस, असे ते प्रकरण आकड्यांनिशी सांगत होते. ते वाचून दाखवताना मॅडमचा आवाज थोडा चढत असे.

दुसऱ्या हंगामाची बाटली उघडली तेव्हा मी विद्यार्थी म्हणून टेबलापाशी उभा होतो. मॅडमनी हुंगले, थांबल्या, पुन्हा हुंगले. "लवंग येऊन राह्यली, बाबू." आलेख तेव्हा यायचा होता. मी विचारले, लिहू का? "वास लिहायचा नसतो," त्या म्हणाल्या आणि बूच लावले.

पुढे मी यवतमाळच्या एका दैनिकात बातमीदार झालो. मॅडमनी प्रबंध सादर केला, त्याच वर्षी रविवारच्या पुरवणीसाठी तिखाडीच्या भट्टीवर मजकूर ठरला. मॅडम त्या हंगामात पोडावर गेल्या नव्हत्या. काम संपले होते, तोंडी परीक्षेची तारीख तेवढी यायची होती. छायाचित्राला पहिला उजेड हवा म्हणून मी मोटारसायकलने पहाटेच पोचलो. लेतूबाबा पिंप भरत होते. गवत पायाने दाबून झाल्यावर त्यांनी बाजूला ठेवलेली एक पेंढी उचलली, कपाळाला लावली, गवतावर ठेवली आणि झाकण बसवले. ते छायाचित्र सगळ्यांत चांगले आले. पेंढी कशाची, हे मी विचारले नाही. ओळ लिहिली : 'पहिल्या भट्टीला श्रद्धेने गवत अर्पण करताना.' ओळ चुकीची होती.

पुरवणी महिन्याभराने निघाली. मी अंक घेऊन विभागात गेलो. मॅडमनी अंक हुंगला, पान उघडले आणि छायाचित्रावर थांबल्या.

"हे गवत नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम?"

"पान रुंद आहे. तिखाडीचं पातं असते. हे काय आहे?"

मी छायाचित्रावर वाकून पाहिले.

"तू तिथं होता. इचारलं नाही?"

"नाही."

"मी तीन वर्षं गेली. म्या बी नाही इचारलं." त्यांनी अंकाची घडी घातली. "गाडी आणली आहे ना? चल."

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या मोटारसायकलवर मागे बसल्या. राळेगाव मागे टाकून आम्ही पोडावर पोचलो. भट्टी त्या वर्षापुरती थंड झाली होती. पिंप पालथे पडले होते आणि लेतूबाबा दारापुढे दोर वळत बसले होते. मॅडमनी अंक त्यांच्यापुढे धरला. लेतूबाबांनी स्वतःचे छायाचित्र आधी लांबून आणि मग जवळून पाहिले.

"लयच म्हातारा दिसून राह्यलो व बाई."

"म्हातारेच आहा तुम्ही. हातात पेंढी कायची आहे ते सांगा."

"रानतुळस."

"दरसाल टाकता?"

"पयल्या भट्टीत. रानाचं घेतो तं रानाले आधी काही द्या लागते. माया बाप टाके, म्या टाकतो. दुसऱ्या भट्टीत नाही टाकत. रान का रोज जेवते?"

"मले काहून नाही सांगितलं, बाबा?"

"तुमी इचारलं कुठी? गवताचं इचारलं, लाकडाचं इचारलं, पाण्याचं इचारलं. तुमी येता तवा तं झाकण लागलं रायते."

परसात रानतुळशीची झुडपे होती. मॅडमनी एक पान तोडले, चुरगाळले आणि नाकाशी नेले. मग ते माझ्याकडे दिले. लवंगेचा वास स्पष्ट होता.

तिथेच पाचवे प्रकरण संपले. युजेनॉल गवताचा नव्हता आणि भट्टीचाही नव्हता, पेंढीचा होता. तीन हंगामांचे आकडे जुळले म्हणून ते खरे धरले गेले होते. तिन्ही बाटल्या पहिल्याच भट्टीच्या होत्या, कारण कॉलेजची सुटी तेव्हाच असे आणि एसटी साडेदहालाच पोचे.

लेतूबाबांना काहीतरी बिघडल्याचे कळले होते. "काही चुकलं का बाई माह्याकून?"

"तुमचं काहीच नाही चुकलं," मॅडम म्हणाल्या. "म्या बाकी सगळं इचारलं, पिंपात आणखी काय टाकता ते नाही इचारलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विभागातून मार्गदर्शक सरांना फोन केला. मी समोर होतो. सरांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. प्रबंध गेलेला आहे, परीक्षक ठरलेले आहेत, निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, पुन्हा सगळे करायचे तर पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावे लागेल, असे सर एकेक करून सांगत होते. ते सगळे खरे होते. शेवटी ते म्हणाले, "कोणाले कळते मॅडम? परीक्षक काय पोडावर जाणार आहेत?"

"मी जाऊन आली ना, सर," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी विद्यापीठाला दिलेला अर्ज दोन वाक्यांचा होता. पाचव्या प्रकरणातील निष्कर्ष चुकीचा आहे. प्रबंध परत मिळावा. कारणांच्या रकान्यात त्यांनी आजारपण लिहावे, असे एका लिपिकाने सुचवले होते. मॅडमनी 'संशोधकाने विचारले नाही' असे लिहिले. स्टाफरूममध्ये पुढचे काही दिवस त्या आल्या की बोलणे थांबे. काहींना कीव वाटत होती, काहींना गंमत. मॅडम नेहमीप्रमाणे चहा हुंगून पीत आणि तासाला जात.

पुढच्या हंगामात त्या आदल्या दिवशीच पोडावर पोचल्या आणि लेतूबाबांच्या घरी मुक्काम केला. पहाटे पिंप भरताना त्या शेजारी उभ्या होत्या. लेतूबाबांनी पेंढी उचलली तेव्हा मॅडमनी पिशवीतून तराजू काढला.

"देवाचं तोलता का बाई?"

"देवाचं नाही बाबा, तुळशीचं. मग खुशाल द्या तुमच्या रानाले."

पहिल्या भट्टीत पेंढी तोलून टाकली. दुसरीत आणि तिसरीत तुळस नव्हती. त्या दोन्हींचे तेल प्रयोगशाळेतल्या तेलासारखेच निघाले. लोखंडी पिंपात काचेपेक्षा अधिक काही सुटत नव्हते. जे अधिक होते ते एका पेंढीचे होते, आणि ती पेंढी लहान असूनही तेलाची ताकद कितीतरी वाढवत होती. जवसाच्या बाटल्या पुन्हा खिडकीत लागल्या. या वेळी तीन होत्या, एक नुसती, एक दुसऱ्या भट्टीच्या तेलाचे थेंब घातलेली आणि एक पहिल्या भट्टीच्या; ही शेवटची सगळ्यांत उशिरा खवट झाली. हे सांगायला मॅडम पुन्हा पोडावर गेल्या.

"म्हणजे माया बाप शायना होता म्हणा!" लेतूबाबा म्हणाले.

"हाव. पण त्याले मालूम नव्हतं. अन् मले बी नव्हतं."

त्याच वर्षी विभागातल्या प्रयोगवह्यांमध्ये एक नवा रकाना आला. त्याचे शीर्षक होते 'वास'. नियम बदलल्याचे मॅडमनी वर्गात उभे राहून सांगितले. "मी तुम्हाला वास लिहू नका म्हणत होती. ते चूक होतं. लवंग मले दोन वर्षं आधी कळली होती, पण वहीत नव्हती, म्हणून मी तिच्या मागं गेली नाही. वास लिहा. आकड्यांत मिसळू नका, वेगळ्या रकान्यात लिहा. अन् नाक कोणाचं, तेही लिहा." तो रकाना तिथे अजून आहे.

तोंडी परीक्षा त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात झाली. ती सर्वांना खुली असते. मॅडमनी लेतूबाबांना पोडावरून बोलावून घेतले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला बांधलेला नवा दुपट्टा आणि मांडीवर घडी घातलेली ती पुरवणी, असे ते मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. सगळे कामकाज इंग्रजीत होते. तरी ते एकाग्रतेने ऐकत होते आणि मॅडम बोलायला उठल्या की मान हलवत होते.

नव्या प्रबंधात मॅडमनी जुने पाचवे प्रकरण काढले नव्हते. ते जसेच्या तसे ठेवून पुढच्या प्रकरणात ते का चूक आहे हे लिहिले होते. दोन्हींच्या मध्ये लेतूबाबांचे छायाचित्र होते. पुरवणीतली माझी ओळ त्यांनी घेतली नव्हती. खाली त्यांच्या दोन ओळी होत्या. बाहेरून आलेले परीक्षक त्या पानाशी थांबले आणि त्यांनी त्या मोठ्याने वाचल्या : 'पिंपात रानतुळस ठेवली, पहाटे सहा. संशोधक तिन्ही हंगामांत फाट्यावर उतरली, सकाळी साडेदहा.'

परीक्षकांनी चष्मा काढला. स्वतःची चूक प्रबंधात ठेवण्याची काय गरज होती, असे त्यांनी विचारले. हे प्रकरण सरळ काढता आले असते, प्रबंध आटोपशीर झाला असता.

मॅडमनी एकाच वाक्यात उत्तर दिले. परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला. पहिल्या रांगेत बसलेले मार्गदर्शक सर मान खाली घालून हसले.

लेतूबाबांनी मला कोपराने ढोसले. "काय म्हणली बाई?"

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितले, "ही चूक काढली तं पुढं जी कोणी येईन, ते बी साडेदहाच्याच एसटीनं जाईन, म्हणते."

लेतूबाबांनी मांडीवरची पुरवणी नीट केली.

"जी येईन तिले म्हणा, आदल्या दिशी ये," ते म्हणाले. "जेवाले करू."